व्हीबी६च्या डीएलएल आणि ओसीएक्स डॉटनेटमध्ये चालवताना

२०२५च्या जानेवारीत आमच्या टीमकडे एक जुना प्रोग्राम आला. प्रयोगशाळेतल्या नमुन्यांची वजनं घ्यायची, त्यांवरून निकाल काढायचे, आलेख दाखवायचा आणि अहवाल छापायचा, एवढंच त्याचं काम. व्हिज्युअल बेसिक ६मध्ये (व्हीबी६) लिहिलेला आणि वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेला. ठरलं असं, की स्क्रीन आणि डेटाबेसचा भाग सी शार्पमध्ये, मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट ८वर, नव्याने लिहायचा आणि आतले जुने कॉम घटक (कॉम म्हणजे विंडोजवर एका प्रोग्रामचे तयार भाग दुसऱ्याला वापरू देणारी पद्धत) जसेच्या तसे वापरायचे. निकाल काढणाऱ्या कोडची तपासणी आणि मान्यता पूर्वीच झालेली होती. त्याला हात लावला की ती सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागणार होती.

अंदाज दोन महिन्यांचा दिला होता. काम संपलं ऑगस्टमध्ये. मधल्या काळात जी माहिती हाती लागली ती तुकड्यातुकड्यांत होती, म्हणून इथे क्रमाने लिहून ठेवतोय.

घटक तीन निघाले. पहिला, निकाल काढणारी डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रामने वापरायची कोडची फाइल), आमच्याच लोकांनी व्हीबी६मध्ये लिहिलेली. दुसरा, आलेख काढणारं एक विकतचं ओसीएक्स कंट्रोल, म्हणजे स्क्रीनवर बसवायचा तयार भाग. ते विकणारी कंपनी आता अस्तित्वात नाही. तिसरं एमएसकॉम, म्हणजे व्हीबी६सोबत मिळणारं सिरियल पोर्टचं कंट्रोल. वजनकाट्याचे आकडे त्यातून येत.

तिसऱ्याचा निकाल लगेच लागला. डॉटनेटमध्ये सिरियलपोर्ट नावाचा क्लास आहे, डॉटनेट ८साठी त्याचं नुगेट पॅकेज वेगळं घ्यावं लागतं एवढंच. बॉड रेट, पॅरिटी आणि ओळ संपल्याची खूण जुळवली आणि एमएसकॉम यादीतून गेलं. कुठल्याही जुन्या घटकाला हात घालण्याआधी त्याला आज सरळ पर्याय आहे का ते बघा. असला, तर खाली लिहिलेलं बरंचसं तुमच्या वाट्याला येणार नाही.

उरलेल्या दोघांची कुंडली मांडायला ओलेव्ह्यू वापरला. विंडोज एसडीकेबरोबर येणारं हे दिसायला साधं टूल आहे, पण प्रोगआयडी (घटकाचं नाव), सीएलएसआयडी (त्याचा ओळख क्रमांक), टाइप लायब्ररी (त्यातल्या मेथडचं वर्णन), प्रत्येक मेथडचे पॅरामीटर असं सगळं दाखवतं. थ्रेडिंग मॉडेल, म्हणजे घटक कुठल्या थ्रेडवर चालतो ते, रजिस्ट्रीत (विंडोजच्या नोंदींच्या साठ्यात) त्याच सीएलएसआयडीखाली सापडतं. ही माहिती पहिल्याच आठवड्यात एका तक्त्यात लिहून ठेवली. नंतर एरर येत गेले तेव्हा त्या तक्त्याकडे कितीदा गेलो याची गणती नाही.

डीएलएलचा सोर्स आमच्याकडे होता. लिहिणारे सहकारी मात्र निवृत्त झालेत. त्यांना फोन केला.

"सर, प्रोजेक्टमध्ये बायनरी कंपॅटिबिलिटी ठेवली होतीत का?"

"ठेवली होती, पण सुरुवातीपासून नाही. आधीच्या डीएलएल कुठल्या मशीनवर सापडल्या तर त्यांच्या वाटेला जाऊ नका. नाव तेच दिसेल, पण आतून वेगळ्या आहेत."

तसंच निघालं. ही सेटिंग नसेल तर व्हीबी६ प्रत्येक कंपाइलला नवे आयडी तयार करतं आणि आधीच्या आयडीवर बांधलेला प्रोग्राम तुटतो. आमच्या दोन मशीनवर एकाच नावाच्या दोन डीएलएल होत्या आणि त्यांचे सीएलएसआयडी वेगळे होते. कुठली खरी धरायची ते त्या फोनमुळे कळलं. जुना माणूस फोनवर मिळत असेल तर आधी फोन करा, कोड नंतर वाचा.

थोडी पार्श्वभूमी. कॉम १९९३चं, व्हीबी६ १९९८चं. व्हीबी६ला मिळणारा सपोर्ट एप्रिल २००८मध्ये पूर्ण संपला. तरी जुने प्रोग्राम आजही चालतात, कारण त्यांची मूळ रनटाइम फाइल, एमएसव्हीबीव्हीएम६०, विंडोजबरोबरच येते. पण ही हमी त्या रनटाइमपुरतीच. एमएससीओएमसीटीएल, सीओएमडीएलजी३२ अशा ओसीएक्स फाइल्स विंडोजमध्ये नसतात, त्या प्रोग्रामबरोबर द्याव्या लागतात. नव्या मशीनवर जुना प्रोग्राम अर्धवट चालताना दिसला तर बहुधा इथेच काहीतरी राहिलेलं असतं.

फेब्रुवारीत टेस्ट मशीनवर डीएलएल बसवायची वेळ आली. नेहमीच्या पद्धतीने रजिस्टर करायचं तर ॲडमिनचे अधिकार लागतात, आणि अधिकार हवे तर फॉर्म. फॉर्ममध्ये फाइलची डिजिटल सही, हॅश आणि "उत्पादकाचा संपर्क" असे रकाने. आमच्या डीएलएलला सही नव्हती आणि ओसीएक्सचा उत्पादकच उरलेला नव्हता. त्या रकान्यात शेवटी "उत्पादक बंद, फाइल मूळ सीडीवरून, हॅश सोबत" असं लिहिलं. मग सुरक्षा विभागाने विचारलं, ही फाइल नेटवर्कवर काही पाठवते का? पाठवत नाही हे दाखवायला प्रोसेस मॉनिटर या, प्रोग्राम काय करतो ते टिपणाऱ्या टूलचा लॉग जोडला. मंजुरीला जवळजवळ तीन आठवडे गेले. तुमच्याकडेही असे रकाने असतील तर ही कागदपत्रं पहिल्याच दिवशी सुरू करा. कोड तोवर स्वतःच्या मशीनवर लिहिता येतो.

मंजुरी आली, डीएलएल रजिस्टर झाली, नव्या प्रोग्राममधून पहिला ऑब्जेक्ट तयार करायला गेलो आणि समोर ८००४०१५४. क्लास रजिस्टर झालेला नाही. रजिस्टर तर आत्ताच केला होता, यशस्वी झाल्याची खिडकीही दिसली होती.

या कामात पडलेल्या जवळजवळ प्रत्येकाला हा आकडा भेटतो, म्हणून जरा सविस्तर. व्हीबी६ फक्त ३२ बिटचा कोड तयार करतं. डॉटनेटचा नवा प्रोजेक्ट आपण काही न सांगितल्यास ६४ बिटच्या विंडोजवर ६४ बिटच चालतो. ६४ बिट प्रोसेसमध्ये ३२ बिट डीएलएल लोड होत नाही, यात पळवाट नाही. आणि गाडी तिथवर पोचतही नाही, कारण रजिस्ट्रीच दुभागलेली असते. ३२ बिट घटकांच्या नोंदी वाऊ६४३२नोड नावाच्या फांदीत जातात आणि ६४ बिट प्रोग्राम शोधतो मूळ फांदीत. तिथे काही नसतं, म्हणून "रजिस्टर नाही". शिवाय घटक रजिस्टर करणारे रेगएसव्हीआर३२ दोन आहेत: सिस्टम३२ फोल्डरमधला ६४ बिटचा आणि सिसवाऊ६४ फोल्डरमधला ३२ बिटचा. फोल्डरच्या नावांवर जाऊ नका. जुन्या घटकांसाठी सिसवाऊ६४मधला पूर्ण पाथ देऊन चालवणं सगळ्यात सुरक्षित.

उपाय एका ओळीचा: प्रोजेक्ट फाइलमध्ये प्लॅटफॉर्म टार्गेट एक्स८६. पण मग वापरणाऱ्याच्या मशीनवर डॉटनेटचा डेस्कटॉप रनटाइमही ३२ बिटचा लागतो, ६४ बिटचा असून भागत नाही. आम्ही शेवटी रनटाइम सोबत घेऊनच पब्लिश केलं. फाइल्सचा आकार वाढला, प्रश्न संपला.

एवढं करूनही तोच आकडा दिसला, तर अंदाज लावत बसू नका. प्रोसेस मॉनिटर उघडा, फक्त तुमच्या प्रोग्रामचा फिल्टर लावा आणि "नेम नॉट फाउंड"च्या ओळी वाचा. प्रोग्राम नेमका कुठला आयडी, रजिस्ट्रीत कुठे शोधतोय ते तिथे दिसतं. आमच्याकडे एका ठिकाणी तो जुन्या, अनाथ डीएलएलचा आयडी शोधत होता. सरांनी सांगितलेलीच ती.

पुढचा अडथळा बिल्डचा. व्हिज्युअल स्टुडिओमध्ये कॉम रेफरन्स जोडला, बिल्ड झालं. बिल्ड सर्व्हरवर कमांड लाइनने तेच बिल्ड एमएसबी४८०३ हा एरर देऊन थांबलं. डॉटनेटच्या कमांडबरोबर येणारं एमएसबिल्ड कॉम रेफरन्स सोडवत नाही, ते काम फ्रेमवर्कचंच एमएसबिल्ड करतं. यावर दोन वाटा आहेत. सर्व्हरवर व्हिज्युअल स्टुडिओचं एमएसबिल्ड बसवायचं, किंवा टीएलबीइंप हे टूल एकदाच चालवून टाइप लायब्ररीवरून इंटरॉप डीएलएल (डॉटनेटला जुन्या घटकाची ओळख करून देणारी) तयार करायची आणि ती रिपॉझिटरीत ठेवून साधा फाइल रेफरन्स द्यायचा. आम्ही दुसरी वाट घेतली. बिल्ड सर्व्हरवर जुना घटक रजिस्टर करायचीही गरज उरली नाही, म्हणजे एक फॉर्म वाचला.

मार्चमध्ये पहिला निकाल नव्या प्रोग्राममध्ये दिसला आणि जुन्याशी शेवटच्या दशांशापर्यंत जुळला. जुळणारच होता, हिशेब तीच डीएलएल करत होती. तरी त्या संध्याकाळी टीममध्ये सगळ्यांचे चेहरे सैल झाले.

मग सुरू झाला डेटा टाइपचा खेळ. कॉम ऑब्जेक्ट आणि आपला कोड यांच्या मध्ये डॉटनेट स्वतःचा एक ऑब्जेक्ट उभा करतं, त्याला आरसीडब्ल्यू म्हणतात. बहुतेक टाइपचं रूपांतर तो निमूटपणे करतो. जिथे करत नाही तिथे प्रोग्राम चालतो, पण उत्तर विचित्र येतं, किंवा फक्त काही नमुन्यांवर कोसळतो.

आमचं उदाहरण असं. निकालांची यादी देणारी मेथड व्हेरिएंट (कुठलाही टाइप मावणारं मूल्य) परत करायची आणि त्यात डबल आकड्यांचा ॲरे असायचा. सी शार्पमध्ये तो साध्या डबल ॲरेत कास्ट केला, की तक्रार: डबल[*]चं डबल[]मध्ये रूपांतर होत नाही. तो चौकोनी कंसातला तारा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं फॉन्ट बिघडलाय. त्याचा अर्थ असा, की या ॲरेची सुरुवात शून्यापासून नाही. व्हीबी६मध्ये "१ ते १२" असा ॲरे सर्रास लिहीत. डॉटनेट ती खालची मर्यादा सांभाळून ठेवतं, आणि असा ॲरे त्याच्या लेखी वेगळाच टाइप असतो. वाट सोपी आहे: आलेली वस्तू सिस्टम.ॲरे म्हणून घ्यायची, गेटलोअरबाउंड विचारायचं आणि तिथपासून ॲरे.कॉपीने आपल्या शून्यापासूनच्या ॲरेत उतरवायची. काही मेथड मात्र शून्यापासूनचा ॲरे देत. म्हणजे हे आकडे गृहीत धरून लिहिलं असतं तर निम्म्या ठिकाणी पहिला निकाल गळाला असता, तोही काही न बोलता.

तारखांचंही तसंच. कॉमची तारीख म्हणजे एक डबल आकडा, आणि त्यातला शून्य म्हणजे ३० डिसेंबर १८९९. डॉटनेटची रिकामी तारीख, म्हणजे सन १चा १ जानेवारी, पलीकडे जाताना गुपचूप शून्य होते आणि परत येते ती १८९९ची होऊन. अहवालावर "नमुना मिळाल्याची तारीख ३०-१२-१८९९" छापून आली तेव्हा टेस्टिंगवाल्यांनी ते पान भिंतीवर लावलं. ट्रूच्या बाबतीत, बुलियन म्हणून जाहीर केलेलं मूल्य नीट येतं, पण जुन्या कोडने ट्रू हे इंटिजरमध्ये ठेवून दिलं असेल तर ते उणे १ असतं. १शी तुलना करू नका, शून्य नाही ना एवढंच बघा.

एरर आकड्यांबद्दल एक. व्हीबी६मध्ये स्वतःचे एरर व्हीबीऑब्जेक्टएररमध्ये आकडा मिळवून देतात, आणि ते आपल्याकडे ८००४ने सुरू होणाऱ्या कॉमएक्सेप्शनच्या रूपाने येतात, वर्णनासकट. त्यातले ५१२पर्यंतचे आकडे कॉमसाठी राखीव आहेत. कोणी ३४० मिळवून एरर दिला, तर तो हुबेहूब ८००४०१५४ दिसेल, म्हणजे वर सांगितलेला "क्लास रजिस्टर नाही". आमच्या लायब्ररीतले आकडे १००१पासून होते म्हणून निभावलं. तुमच्या लायब्ररीत काय आहे ते आधीच बघून ठेवा.

एप्रिल आणि मे ओसीएक्सने खाल्ले. साधा ऑब्जेक्ट वेगळा आणि फॉर्मवर, म्हणजे प्रोग्रामच्या खिडकीवर, बसणारं कंट्रोल वेगळं, हे ऐकून माहीत होतं, आता कळलं. व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ स्वतः ६४ बिट आहे, त्यामुळे ३२ बिटचं ओसीएक्स डिझायनरमध्ये आम्हाला ओढून टाकता आलं नाही. मग एएक्सइंप. हे टूल ओसीएक्सवरून डॉटनेटच्या एएक्सहोस्ट क्लासवर बेतलेला क्लास तयार करतं, आणि सोर्स असा स्विच दिला तर त्याचा सी शार्प कोडही देतं. तो कोड घ्याच. तो वाचला की निम्म्या शंका फिटतात. उदाहरणार्थ, फॉर्म कंट्रोलच्या नावांशी टक्कर झाली की टूल नावं बदलतं: क्लिकचं क्लिकइव्हेंट होतं, विंडोज मीडिया प्लेअरच्या कंट्रोल्सचं सीटीएलकंट्रोल्स. जुन्या कोडमधली मेथड सापडत नाही म्हणून शोधत बसण्यापेक्षा तिथे डोकवा.

डिझायनर नसल्याने कंट्रोल हाताने फॉर्मवर ठेवायचं, आणि इथे क्रम महत्त्वाचा. नवा ऑब्जेक्ट, मग बिगिनइनिट, मग फॉर्मच्या कंट्रोल्समध्ये भर, मग एंडइनिट, आणि त्यानंतरच प्रॉपर्टी. कंट्रोल प्रत्यक्ष तयार होण्याआधी आलेखाचं शीर्षक द्यायला गेलात की इनव्हॅलिडॲक्टिव्हएक्सस्टेटएक्सेप्शन येतं. त्याचा मजकूर इतका मोघम आहे की कारण कळायला मार्ग नाही. फॉर्म अजून दिसायचा असेल आणि प्रॉपर्टी आत्ताच द्यायची असेल तर क्रिएटकंट्रोल बोलवा.

रंगांची एक गंमत. तांबड्या रेषा निळ्या येत होत्या. ओएलईच्या, म्हणजे अशा कंट्रोलच्या जुन्या पद्धतीच्या, रंगात निळा, हिरवा, तांबडा असा क्रम असतो. काही प्रॉपर्टींचं भाषांतर एएक्सहोस्ट करतो, पण या कंट्रोलने रेषेचा रंग नुसता आकडा म्हणून जाहीर केला होता. कलरट्रान्सलेटर.टूओले वापरलं आणि रेषा तांबड्या झाल्या.

मग लायसन्स. माझ्या मशीनवर चालणारं कंट्रोल टेस्ट मशीनवर ८००४०११२ देऊ लागलं, म्हणजे लायसन्स नाही. जुन्या विकतच्या कंट्रोलची रीत अशी होती की डेव्हलपरच्या मशीनवर एक एलआयसी फाइल असे, आणि व्हीबी६ कंपाइल करताना चावी एक्झेमध्ये बसवून टाके. वापरणाऱ्याकडे ती फाइल देण्याची गरज नसे, आणि परवानगीही नसे. आता एक्झे आमची नवी, त्यात चावी नाही. कंपनीला विचारावं तर कंपनी नाही. खरेदीचं बिल आणि लायसन्स करार जुन्या फायलींत शोधले, करारात रनटाइम वितरणाला वेगळं शुल्क नाही हे वाक्य सापडलं, ते कायदा विभागाला पाठवलं, त्यांचं लेखी उत्तर यायला पंधरवडा गेला. पैसे लागले नाहीत, पण ते बिल हाती नसतं तर हे कंट्रोल तिथेच सोडून द्यावं लागलं असतं.

तांत्रिक भाग त्यामानाने लहान निघाला. आयक्लासफॅक्टरी२ या इंटरफेसमध्ये रिक्वेस्टलिककी आहे. एलआयसी फाइल असलेल्या मशीनवर ते बोलावलं की चावी मिळते. मग एएक्सहोस्टमधली क्रिएटइन्स्टन्सकोअर ही मेथड आपल्या क्लासमध्ये ओव्हरराइड करायची आणि त्यात क्रिएटइन्स्टन्सलिकला ती चावी देऊन ऑब्जेक्ट परत करायचा. करार परवानगी देत असेल तरच हे करा, हे वेगळं सांगायला नको.

जूनमध्ये थ्रेड. निकाल काढताना खिडकी गोठायची, म्हणून सरळ टास्क.रनमध्ये काम टाकलं. खिडकी तशीच गोठलेली. व्हीबी६चे ऑब्जेक्ट अपार्टमेंट थ्रेडिंगचे असतात: ज्या एसटीए (एकाच थ्रेडचं अपार्टमेंट) थ्रेडवर ऑब्जेक्ट जन्मला, त्याचं काम त्याच थ्रेडवर चालतं. पार्श्वभूमीतल्या थ्रेडने हाक मारली तरी कॉम ती हाक गपचूप मूळ थ्रेडकडे, म्हणजे आमच्या खिडकीच्या थ्रेडकडे, पाठवत होतं. उपाय म्हणजे एक स्वतंत्र थ्रेड, सुरू करण्याआधी त्याचं अपार्टमेंट एसटीए, त्यात ॲप्लिकेशन.रनने मेसेज लूप, आणि ऑब्जेक्टचा जन्मही तिथेच.

खिडकी मोकळी झाली, पण निकाल चुकले. थोडे नव्हे, भलतेच. या गाठीने मला सगळ्यात जास्त छळलं. लायब्ररीत एक सेटिंगचा ऑब्जेक्ट होता, त्यात एकक ठरवलं की बाकीचे ऑब्जेक्ट ते वापरत. ते एकक आत एका मॉड्यूलच्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये होतं, आणि व्हीबी६ असे ग्लोबल प्रत्येक अपार्टमेंटसाठी वेगळे ठेवतं. सेटिंग आम्ही खिडकीच्या थ्रेडवर करत होतो आणि हिशेब दुसऱ्यावर. तिथलं एकक कोणी ठरवलेलंच नव्हतं. सगळं त्या एकाच थ्रेडवर नेल्यावर आकडे जुळले. जुन्या कोडचा सोर्स हाती असेल तर बीएएस फाइल्समधले पब्लिक व्हेरिएबल आधी शोधा, मगच थ्रेडचा आराखडा करा.

ऑब्जेक्ट सोडण्याबद्दल. व्हीबी६मध्ये शेवटचा संदर्भ गेला की त्याच क्षणी ऑब्जेक्ट मरतो आणि क्लासचा टर्मिनेट चालतो. आमच्या डीएलएलमध्ये लॉग फाइल तिथे बंद व्हायची. डॉटनेटमध्ये गार्बेज कलेक्टर येईल तेव्हा येईल, तोवर फाइल अडकलेली. मार्शल.रिलीजकॉमऑब्जेक्ट आहे, पण ते कोडभर पेरू नका. एकच ऑब्जेक्ट दोन ठिकाणी वापरात असेल आणि एकाने सोडला, तर दुसरीकडे "आरसीडब्ल्यूपासून वेगळा झालेला ऑब्जेक्ट" अशी तक्रार येते. आम्ही डीएलएलभोवती एक पातळ क्लास लिहिला, आयडिस्पोजेबल असलेला. जुना ऑब्जेक्ट त्याच्या पोटात, ॲरेचं आणि तारखांचं रूपांतर तिथेच, सोडणंही तिथेच. बाकीच्या प्रोग्रामला कॉमचा वासही येत नाही. हा क्लास मी पुन्हा असं काम आलं तर पहिल्या दिवशी लिहीन.

जुलैमध्ये वितरण. प्रत्येक मशीनसाठी तो फॉर्म नको म्हणून रजिस्ट्रेशनशिवाय कॉम वापरायची सोय अभ्यासली. ही विंडोज एक्सपीपासून आहे आणि अजून पुष्कळांना माहीत नाही. एक्झेमध्ये बसवलेल्या मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामला काय लागतं त्याच्या यादीत) फाइलचं नाव, सीएलएसआयडी, थ्रेडिंग मॉडेल, टाइप लायब्ररी लिहायची, डीएलएल आणि ओसीएक्स एक्झेशेजारी ठेवायच्या. रजिस्ट्रीत काही लिहावं लागत नाही, ॲडमिन लागत नाही, आणि त्या अनाथ डीएलएलशी गोंधळही नाही. ओसीएक्ससाठी मिससस्टेटसचे गुणधर्मही द्यावे लागतात, ते रजिस्ट्रीतून बघून उतरवले. मॅनिफेस्टमध्ये काही चुकलं तर प्रोग्राम उघडतच नाही आणि साइड बाय साइडचा एरर येतो. इव्हेंट व्ह्यूअर आणि एसएक्सएसट्रेस हे टूल नेमकी जागा दाखवतात.

तपासणी न रजिस्टर केलेल्या, कोऱ्या मशीनवरच करा. डेव्हलपरच्या मशीनवर मॅनिफेस्टमधली एखादी नोंद राहून गेली तरी रजिस्ट्री सावरून घेते आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे.

शेवटी आणखी एक मागणी आली. दुसऱ्या टीमला हीच डीएलएल त्यांच्या ६४ बिट सर्व्हिसमधून हवी होती. त्यांच्यासाठी डीएलएल सरोगेट वापरला: रजिस्ट्रीत ॲपआयडीखाली डीएलएलसरोगेट नावाची रिकामी नोंद केली की विंडोज ती डीएलएल डीएलएलहोस्ट या वेगळ्या ३२ बिट प्रोसेसमध्ये चालवतं आणि ६४ बिट प्रोग्राम तिच्याशी बोलू शकतो. दिसणाऱ्या कंट्रोलसाठी हा मार्ग घेऊ नका, साध्या ऑब्जेक्टसाठी चांगला आहे. प्रत्येक कॉल आता प्रोसेस ओलांडून जातो, त्यामुळे लूपमध्ये एकेक प्रॉपर्टी भरणारा त्यांचा कोड रेंगाळू लागला. पूर्ण ॲरे एका मेथडमध्ये दिल्यावर वेग परत आला. इथे रजिस्ट्री लागतेच, म्हणजे फॉर्मही. पण त्यांच्या एकाच सर्व्हरसाठी, आणि उत्पादकाच्या रकान्यात काय लिहायचं ते आता तयार होतं.

ऑगस्टच्या अखेरीस नवा प्रोग्राम सुरू झाला. महिनाभर जुना शेजारीच चालू ठेवला आणि रोजच्या निकालांच्या फाइल्स आपोआप ताडून पाहिल्या. डीएलएल आणखी बरीच वर्षं राहील असं दिसतंय. ओसीएक्स मात्र जाणार आहे: जास्त रिझोल्यूशनच्या स्क्रीनवर त्याची अक्षरं बारीक दिसतात, आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही. डॉटनेट ८चा सपोर्ट नोव्हेंबर २०२६पर्यंत आहे. पुढच्या आवृत्तीवर जाताना आलेखाचं कंट्रोल बदलायचं, असं वेळापत्रकात लिहून टाकलंय.